खरी नक्कल

परवा सुनेच्या कंप्युटरवर मी लग्नाचे फोटो एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात टाकत बसले होते. सुनेने शिकवलंय, जमतं मला. मध्येच ते यंत्र थांबलं आणि त्याने विचारलं, की या नावाचं एक इथे आधीच आहे, त्याच्या जागी हे नवं ठेवू, की दोन्ही ठेवू? मी पडद्याकडे बघतच राहिले. सून म्हणाली, "आई, घाबरू नका, नुसतं 'दोन्ही ठेव' म्हणा." घाबरते कशाला मी. मला राग आला होता. एवढा साधा प्रश्न एका निर्जीव डब्याला सुचतो आणि आमच्या साहेबांना तो जन्मात सुचला नाही. सुचला असता तर एका माणसाची उमेदीची वर्षं वाचली असती.

साहेबांचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की त्याच नावाचा दुसराच कुणी भला माणूस उगाच बदनाम व्हायचा, आणि त्या प्रकाराचा अनुभव मी एकदा घेतला आहे, पुन्हा नको.

कामशेतच्या पुढे तेव्हा चिनीमातीच्या बरण्यांचा एक कारखाना होता. लोणच्याच्या, मुरांब्याच्या, खाली पांढऱ्या आणि वर तपकिरी. मी लोणावळ्याहून सकाळच्या पुण्याच्या गाडीने जायची. ऑफिसात टायपिस्ट होते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. साहेब रेकॉर्डचे प्रमुख. सगळ्या कामगारांचे, गिऱ्हाइकांचे, मातीच्या खाणीचे कागद त्यांच्या ताब्यात. मान ताठ, केस तेल लावून मागे वळवलेले, जाड मिशी, आणि शर्टाच्या खिशात रबरी शिक्का. पेन असायचं दुसऱ्या खिशात, पहिल्या खिशाचा मान शिक्क्याचा. शिक्क्यावर दोनच शब्द होते, 'खरी नक्कल'. सकाळी आल्याबरोबर ते तो शिक्का आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर उठवून बघायचे. जांभळी अक्षरं नीट उठली की मग दिवस सुरू. आम्ही सगळे पाठीमागे त्यांना 'खरी नक्कल' असंच म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे की त्यांना ते आवडायचं.

या माणसाचं जगण्याचं एकच तत्त्व होतं. मूळ वस्तू वापरायची नसते, वापरली की ती झिजते. वापरायची ती नक्कल. आता हे कागदाच्या बाबतीत ठीक आहे हो, पण साहेबांनी ते संसारभर पसरवलं होतं. त्यांच्याकडे दोन छत्र्या होत्या. चांगली, लाकडी मुठीची, ती 'मूळ', ती घरी खुंटीला. दुसरी हलकी, तीन काड्या मोडलेली, ती 'प्रत', ती घेऊन हा माणूस लोणावळ्याच्या पावसात निघायचा. स्टेशनवर भेटले की नखशिखान्त भिजलेले. मी एकदा विचारलं, "साहेब, चांगली छत्री कधी वापरणार?" तर म्हणाले, "बाई, ती वापरली तर चांगली राहील का?" चष्मे दोन. ज्यातून दिसायचं तो घरी. ज्यातून अंदाज यायचा तो ऑफिसात.

कपाटाच्या किल्लीचा तर किस्साच आहे. घरच्या लोखंडी कपाटाची मूळ किल्ली त्यांनी कपाटातच ठेवली होती, सुरक्षित म्हणून. तिची नक्कल करून ती ते वापरायचे. एकदा ती नक्कल इंद्रायणीत पडली, म्हणजे कुठे तरी पुलावरून वाकून बघताना. झालं. मूळ किल्ली आत, कपाट बंद, आणि साहेब बाहेर. लोहार आला, त्याने पहारीने कपाट उघडून दिलं. साहेबांनी नवं कुलूप बसवलं, किल्लीची नवी नक्कल करून घेतली, आणि नवी मूळ किल्ली परत कपाटात ठेवली. त्यांच्या बायकोनेच हे मला हळदीकुंकवाला सांगितलं, आणि सांगताना ती माउली हसत नव्हती.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. घात केला तो कंप्युटरने, आणि तोही न आलेल्या.

मालकांच्या मनात आलं, की आपणही कंप्युटर घ्यावा. साहेबांना मुंबईला आठवडाभराच्या शिबिराला पाठवलं. तिकडे त्यांना काय शिकवलं आणि त्यातलं काय कळलं ते देव जाणे, पण परत आले ते खिशात भोकं पाडलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन. त्या भोकांमध्ये एका माणसाची सगळी माहिती आहे म्हणे. ते कार्ड उजेडाकडे धरून साहेब एका डोळ्याने त्यातून बघायचे आणि म्हणायचे, "बघा बाई, माणूस." मला त्यातून समोरची भिंत दिसायची. इकडे मालकांनी यंत्राची किंमत ऐकली आणि यंत्राचा विचार सोडून दिला. दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. साहेब म्हणाले, "यंत्र नाही तर नाही. पद्धत तर आहे. आपणच यंत्र होऊ."

आणि आम्ही यंत्र झालो. खरं सांगते, थट्टा नाही. आमच्या खोलीत चौघं. साहेब ते साहेबच, ते यंत्राच्या वरचे. माझ्या शेजारी एक लठ्ठसे क्लार्क काका होते, ते झाले 'मेमरी'. मी टाइप करून कागद बाहेर द्यायची म्हणून मी 'आउटपुट'. आणि आमचे उर्से गावचे शिपाई आबा, ते झाले 'वायर'. वायरने फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची, पण ती कुणाची आहे ते बघायचं नाही, कारण वायरीला वाचता येत नाही. आबांना चौथीपर्यंतचं चांगलं वाचता यायचं, त्यांना याचा फार राग. मला म्हणायचे, "बाई, मी वायर हाय म्हनं. वायरीला तंबाकू चालती का, येवढं इचारा सायबास्नी." दुपारी जेवणानंतर काकांची मान छातीवर पडायची, तेव्हा आबा दारातूनच सांगायचे, "मेमरी निजली."

यंत्राचा पहिला नियम होता, विचार करायचा नाही. साहेब म्हणायचे, "विचार करणं हे तुमचं काम नाही. माझंही नाही. यंत्रात ते कुणाचंच काम नसतं." दुसरा नियम, समोर असेल ते जसंच्या तसं उतरवायचं. माशीला माशी. आपण माशीला माशी म्हणतो ते शिवी म्हणून. साहेबांच्या तोंडी ती शाबासकी होती. काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वा, माशीला माशी." तिसरा नियम, मूळ कागदाला हात लावायचा नाही. नवी नक्कल हवी असेल तर ती आधीच्या नकलेवरून काढायची, त्यानंतरची त्या नकलेवरून. मूळ बासनात, अस्पर्श.

आता चौथ्या-पाचव्या कार्बनवरची अक्षरं तुम्ही बघितली आहेत का? धुक्यातल्या घाटासारखी असतात, आहे असं वाटतं तेवढंच. भट्टीपाशी लावायची एक जुनी सूचना होती, 'भट्टीजवळ येताना विडी ओढू नये'. तिच्या नकलेच्या नकलेच्या नकलेत 'ओढू' आणि 'नये' यांच्यामधली फट कुठे सरकली कुणास ठाऊक, पण काकांनी शाईने मोठ्या अक्षरांत पाटी काढली ती अशी, 'भट्टीजवळ येताना विडी ओढून ये'. माशीला माशी. साहेबांनी शिक्का मारला, खरी नक्कल. पाटी लागली. भट्टीवरची माणसं इतकी आज्ञाधारक मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. फोरमन धावत आला, तर साहेब म्हणाले, "पाटीवर शिक्का आहे. चूक असती तर शिक्का कसा असता?" शेवटी आबांनीच एका दुपारी गेरूने ती पाटी सारवून टाकली आणि वारा आला असेल म्हणाले.

माझे वडील कचेरीत नक्कलनवीस होते, म्हणून मला हे जास्त झोंबायचं. त्यांच्या धंद्यात एक शब्द होता, रुजवात. नक्कल लिहून झाली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं. जुळलं की म्हणायचं 'रुजू', आणि पुढे. शेवटी खाली सही, रुजवात घेणार अमुक. वडील म्हणायचे, लिहिणारा चुकतोच, म्हणून तर वाचणारा ठेवला. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, आपण रुजवात का घेत नाही?" ते हसले. त्यांना माझी कीव आली. म्हणाले, "बाई, यंत्रात रुजवात नसते. यंत्र चुकत नाही." यंत्र आमच्याकडे नव्हतं, ही गोष्ट तोपर्यंत ते साफ विसरले होते.

आता मारुतीचं सांगते.

मारुती धोंडू हा भट्टीवरचा कामगार. पवनेच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथला. आठवडाभर कारखान्याच्या मागे पत्र्याच्या खोपटात राहायचा आणि सुट्टीला डोंगर चढून घरी जायचा. बोलायला कमी, भट्टीतून तापलेली बरणी काढायला सगळ्यांच्या पुढे. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची मोठी खूण होती. अजून तो टेंपररी होता. आमच्याकडे टेंपररी म्हणजे काय, तर पावसाळ्यात माती वाळत नाही, काम मंदावतं, म्हणून टेंपररी माणसाला सगळा पावसाळा घरी बसवायचे. कायम झालेला माणूस पावसाळ्यातही कामावर. डोंगरातल्या माणसाची खरी ओढाताण पावसाळ्यातच असते, तेव्हा कायम होणं म्हणजे काय ते त्यालाच विचारा. मारुतीने इतके पावसाळे घरी काढले होते, की त्या वर्षी कायम होणाऱ्यांत पहिला नंबर त्याचाच होता. त्याने आबांना पेढे कुठले आणायचे तेसुद्धा विचारून ठेवलं होतं.

त्याच सुमारास साहेबांनी सगळं रेकॉर्ड जुन्या लाकडी फडताळातून नव्या लोखंडी रॅकमध्ये हलवायला काढलं. हलवायचं म्हणजे उचलून ठेवायचं, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. यंत्रात तसं नसतं म्हणे. यंत्रात आधी नक्कल करतात, ती नव्या जागी ठेवतात आणि जुनं नष्ट करतात. आता मूळ कागदाला देव मानणारा हा माणूस मूळ नष्ट कसा करील? पण नकलेवर एकदा शिक्का बसला की तीच मूळ, असा त्यांनी शोध लावला होता. तत्त्वापुढे तत्त्व मोडायला माणूस मोठा लागतो. काका नक्कल काढायचे, साहेब शिक्का मारायचे, आबा ती रॅकवर ठेवायचे, आणि जुने कागद आवारातल्या खड्ड्यात जाळायचे.

नव्या रॅकचे खण अरुंद होते. नावाची पट्टी बोटभर. मुंबईच्या कार्डातही नावाला जागा कमी असते, हे साहेबांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी फतवा काढला, पट्टीवर स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. "आडनाव ही चैन आहे," असं म्हणाले. आणि एक नाव, एक फाईल. त्याच नावाची दुसरी आली तर ती पहिलीचीच सुधारलेली प्रत समजायची. नवी ठेवायची, जुनी काढायची.

पॅकिंगमध्ये सुदुंबऱ्याचा एक मारुती धोंडू होता. चांगलं आडनाव होतं त्याला, पण ते पट्टीवर मावलं नाही. भट्टीच्या मारुतीची फाईल खणात आधी बसली. मग वायरने सुदुंबऱ्याच्या मारुतीची आणली. वायर थबकली. आबा म्हणाले, "सायेब, हे दोन मारुती हाईत. एक डोंगरातला, एक सुदुंबऱ्याचा. मी दोगास्नी वळकतो." साहेब म्हणाले, "आबा, वायर ओळखत नाही." आणि भट्टीचा मारुती खड्ड्यात गेला.

सुदुंबऱ्याच्या मारुतीला पिंपरीकडे चांगली नोकरी लागली होती. त्याने रीतसर राजीनामा दिला, तो मंजूर झाला, फाईलला लागला. खणात फाईल एकच. एके सकाळी भट्टीचा मारुती गेटवर आला, तर त्याचं हजेरीचं कार्ड गायब. गेटवाल्याने त्याला ऑफिसात पाठवलं.

तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "बाई, माजं कारड न्हाई."

साहेबांनी फाईल काढली, वाचली आणि म्हणाले, "तू राजीनामा दिला आहेस. मंजूर झाला."

"म्या?"

"तूच. मारुती धोंडू."

"आवं, मी तर काल बी भट्टीवर व्हतो."

"राजीनामा दिल्यावर भट्टीवर जाणं हा गुन्हा आहे," साहेब म्हणाले. "पण जाऊ दे, तो मी काढत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, "साहेब, निदान रुजवात तरी घ्या. माणूस समोर उभा आहे." साहेबांनी क्षणभर विचार केला. म्हणजे विचार नाही, तो तर बंद होता, थांबले म्हणा. मग फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या. वाचा." आणि खिशातलं भोकांचं कार्ड काढून मारुतीसमोर उभे राहिले.

मी वाचलं, "नाव, मारुती धोंडू."

"रुजू," साहेब म्हणाले.

"गाव, सुदुंबरे."

"न्हाई बाई," मारुती म्हणाला. "आमची वाडी वर हाय, पवनेच्या अंगाला."

"खातं, पॅकिंग."

"भट्टी."

"शिक्षण, सातवी."

"शाळंत कुटं गेलतो मी."

"ओळखीची खूण, उजव्या भुवईवर व्रण."

मारुतीने बाही वर केली आणि भाजलेला हात पुढे धरला. साहेबांनी त्या हाताकडे बघितलंच नाही. कार्ड डोळ्याला लावून एका भोकातून त्याची उजवी भुवई बराच वेळ न्याहाळली. भुवई स्वच्छ होती. मला वाटलं, आता डोक्यात उजेड पडेल. साहेबांनी कार्ड खाली घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "फाईल बरोबर आहे. माणूस रुजू होत नाही."

काका जागे झाले. आबा दारात होते, ते खाली बसले.

"मूळ घेऊन ये," साहेब मारुतीला म्हणाले.

"कशाचं मूळ?"

"तुझ्या कागदांचं."

"कागुद तुमच्यापाशीच व्हते न्हवं? जाळले तुमी. आता मूळ म्हंजी मीच की, सायेब."

"माणूस हे मूळ धरता येत नाही," साहेब म्हणाले. "माणूस झिजतो."

मी त्या दिवशी साहेबांशी भांडले, काकांशी भांडले, आणि मॅनेजरच्या खोलीत जाऊन तिथेही भांडले. मॅनेजर वाईट नव्हते. त्यांना भट्टी पेटलेली होती आणि माणूस कमी होता, एवढंच दिसत होतं. साहेबांनी त्यांच्यापुढे शिक्के मारलेली फाईल ठेवली. मी म्हटलं, आबांना विचारा, फोरमनला विचारा, भट्टीवर कुणालाही विचारा. मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या हो, फाईलला कुठे हात लावता. याला आजच्या तारखेला नवा माणूस म्हणून रुजू करून घ्या, प्रश्न मिटला." मिटला. मारुतीचे मागचे सगळे पावसाळे एका वाक्यात वाहून गेले, आणि कायम होणाऱ्यांत जो पहिला होता तो शेवटचा झाला.

त्यावरही साहेबांचं समाधान नव्हतं. नवा माणूस म्हणजे नवी फाईल, आणि एक नाव एक फाईल. तेव्हा त्यांनी नव्या पट्टीवर लिहिलं, 'मारुती धोंडू दुसरा'. जो मुळात होता तो दुसरा, आणि जो सोडून पिंपरीला गेला तो पहिला. भट्टीवरची पोरं मारुतीला मुजरे करायला लागली, दुसरे महाराज म्हणून. तो हसायचा. मला ते हसणं बघवायचं नाही.

त्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजारात एक बाई टाकळा आणि कुर्डू घेऊन बसली होती, डोक्यावर पोत्याची खोळ, पाय चिखलात. मी भाजी घ्यायला वाकले तर तिने मला ओळखलं, कारखान्याच्या गेटवर कधी तरी पाहिलं असेल. मारुतीची बायको. मी आपलं विचारलं, "मारुती बरे आहेत ना?" ती म्हणाली, "बरं हाईत की. घरी बसल्यात. लय उपकार झालं बाई तुमच्या हापिसाचं. बायका दुसऱ्या नवऱ्यासाटी घर सोडत्यात, मला तुमी हाय त्योच नवरा दुसरा करून दिला." आणि जुडीवर मूठभर भाजी वर घातली. मला जन्मात बसलेली ती सगळ्यात सणसणीत चपराक होती, आणि वर भाजी जास्त.

साहेब यथावकाश निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना एक चांगलं घड्याळ दिलं. त्यांनी ते बघितलं, डबीत परत ठेवलं आणि मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ बघून वेळेवर भाषण संपवलं. भाषणात म्हणाले, की माझ्या कारकिर्दीत एकही फाईल चुकीची ठरली नाही. खरं होतं ते. चुकीची ठरली ती माणसं.

मारुतीला पुढे कायम केलं, पण तोपर्यंत भाजलेला हात भट्टीला नको म्हणायला लागला होता. त्याला गेटवर बसवलं. खाकी कपडे, एक स्टूल, आणि साहेबांनीच जाताना करून ठेवलेला नियम, की पासावरचा फोटो आणि माणूस जुळल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. मग तो मालक का असेना.

एके दुपारी मी डबा खाऊन आबांबरोबर गेटपाशी सावलीत उभी होते, तर साहेब रस्त्यावरून येताना दिसले. मोडकी छत्री होतीच. पण चेहरा काही तरी वेगळाच. गाल आत गेलेले, ओठ मुडपलेले, मिशी काढलेली. जवळ आल्यावर कळलं, तोंडात एकही दात नाही. मी म्हटलं, "साहेब, हे काय? कवळी नाही का बसवली?"

"बसवली आहे की. उत्तम आहे," साहेब म्हणाले. "घरी आहे. डबीत."

आबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांना त्यांच्या नोकरीच्या दाखल्याची नक्कल हवी होती. मूळ दाखला होता त्यांच्याकडे, पण तो कपाटात होता. आणि कपाटाची किल्ली, तुम्हाला सांगायला नको, ती कुठे होती ते. नक्कल पुन्हा हरवली होती, आणि या खेपेला लोहार गावाला गेला होता. साहेबांनी जुना पास काढून मारुतीपुढे धरला. पासावर तेल लावलेले केस, भरलेले गाल, जाड मिशी. मारुतीने स्टुलावरून उठून पास हातात घेतला. फोटोकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं. त्याला काही घाई नव्हती.

"फोटू बराबर हाय, सायेब," तो म्हणाला. "मानूस रुजू हुईना."

साहेबांना ते लगेच कळलं नाही. मला कळलं, आबांनाही कळलं. आबांचे खांदे हलायचे थांबले.

"अरे, मला ओळखत नाहीस?"

"वळकतो की. गेटाला वळक चालत न्हाई, तुमीच लिवून ठिवलंय. मूळ घिऊन या."

"कशाचं मूळ?" साहेब म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द विरघळून येत होते. "अरे, मूळ म्हणजे मीच ना."

मारुती त्यांच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. भट्टीतून काढलेली बरणी तो हातात फिरवून कुठे तडा आहे का बघायचा, तसं बघत होता. मग त्याने पास साहेबांच्या हातात परत ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "मी बी तवा ह्येच म्हनत व्हतो."

आणि वाकून त्याने गेटातलं दिंडीचं छोटं दार उघडलं आणि बाजूला झाला. साहेब मात्र आत आले नाहीत. दार सताड उघडं होतं, मारुती धरून उभा होता, आणि साहेब तो पास डोळ्यांजवळ नेऊन, अंदाज येणाऱ्या चष्म्यातून, स्वतःचा फोटो बघत बाहेरच उभे राहिले.